वन्समोअर : फिरत्या संगीत नाटक मंडळ्या आणि त्यांचा श्रोता

मराठी संगीत नाटकाचा इतिहास बहुधा नाटककार, नट आणि मंडळ्यांचे मालक यांच्या चरित्रांतून लिहिला गेला आहे, आणि ज्याने दर रात्री पदरचे पैसे मोजून तिकीट काढले, त्या प्रेक्षकाला या इतिहासात ‘तुडुंब गर्दी’ यापलीकडे सहसा जागा मिळालेली नाही. हा नाट्यप्रकार मात्र मुळातच फिरता होता. एकच नाटक पुण्याच्या नाटकगृहात, अमरावतीच्या तंबूत, हुबळीच्या कानडी मुलखात आणि इंदूर-बडोद्याच्या संस्थानी शहरांत वर्षानुवर्षे होत राहिले, आणि प्रत्येक मुक्कामात वेगळ्या कानांनी ते पारखले गेले. कोणते पद ठेवायचे, कोणते गाळायचे, कोणत्या चालीचा विस्तार करायचा आणि खेळ रात्री किती लांबवायचा, हे या कानांनी ठरवले. म्हणूनच प्रेक्षकांच्या मनावर उमटलेला ठसा हा संगीत नाटकाच्या इतिहासाचा केवळ उत्तररंग मानता येत नाही. नाटकाच्या घडणीचे ते एक प्रमुख कारण होते.

या ठशाची नोंद एकत्र कोठेही सापडत नाही. गणपतराव बोडस यांचे ‘माझी भूमिका’, गोविंदराव टेंबे यांचे ‘माझा संगीत व्यासंग’, चिंतामणराव कोल्हटकर यांचे ‘बहुरूपी’ अशा नटांच्या व संगीतकारांच्या आत्मकथनांत, किर्लोस्कर मंडळीचे शंकरराव मुजुमदार यांनी चालवलेल्या ‘रंगभूमि’ मासिकात, ‘विविधज्ञानविस्तार’सारख्या नियतकालिकांतील परीक्षणांत आणि घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेलेल्या आठवणींत ती विखुरलेली आहे. नटाने सांगितलेला प्रेक्षक आणि परीक्षकाने सांगितलेला प्रेक्षक यांची चित्रे जुळत नाहीत, कारण नटाला टाळी आठवते आणि परीक्षकाला टाळीमुळे खोळंबलेला प्रवेश आठवतो. दोन्ही साक्षी खऱ्या मानल्या, तरच या काळाचे चित्र पुरे होते.

मराठी नाटकाला फिरावे लागले ते राजाश्रय सुटल्यामुळे. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ हा खेळ केला तो संस्थानचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या प्रोत्साहनाने. त्याआधी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीकरांनी पाहिले होते, आणि तसेच काही मराठीत व्हावे ही इच्छा त्यामागे होती. १८५१ मध्ये चिंतामणरावांचे निधन झाल्यावर भाव्यांपुढे मंडळी मोडणे किंवा गावोगाव जाऊन तिकीट लावणे असे दोनच मार्ग उरले, आणि त्यांनी दुसरा पत्करला. १८५३ मध्ये त्यांचा संच मुंबईच्या ग्रँट रोडवरील नाटकगृहात उभा राहिला, तेव्हा मराठी नाटक दरबारातून बाजारपेठेत आले. भाव्यांच्या खेळात कथा पद्यातून सांगण्याचे काम सूत्रधाराकडे असे. त्याच्यामागे झिलकरी, म्हणजे धृपद उचलून धरणारे साथीदार, सूर भरत, आणि पात्रे आपापल्या प्रसंगी पुढे येऊन अभिनय व थोडे उत्स्फूर्त भाषण करीत. प्रेक्षकाच्या लक्षात राहत ते राक्षसांचे आरडाओरड करीत येणे, विदूषकाचे चाळे आणि देवांचे मुकुट. गाणे ही कथेची वाट होती; गाण्यासाठी म्हणून कोणी नाटकाला जात नसे.

हा क्रम बदलला तो ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात. अण्णासाहेब किर्लोस्कर, म्हणजे बळवंत पांडुरंग किर्लोस्कर, यांनी कालिदासाच्या नाटकावरून रचलेल्या ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक त्या दिवशी रंगभूमीवर आले. त्यांत सूत्रधाराच्या गळ्यातले गाणे त्यांनी पात्रांच्या गळ्यात दिले. हा फरक वरवर लहान दिसतो, पण त्याचे परिणाम दूरगामी झाले, कारण दुष्यंत स्वतःच्या मनातले स्वतः गाऊ लागल्यावर गाणारा नट आणि गाण्यात व्यक्त होणारी भावना यांमध्ये सूत्रधार उरला नाही, आणि श्रोता थेट त्या पात्राशी बांधला गेला. मोरोबा वाघोलीकर आणि बाळकोबा नाटेकर यांच्यासारखे गाणारे नट मिळाल्यामुळे हा प्रयोग केवळ कल्पनेत राहिला नाही.

शाकुंतलातील पदांची संख्या दोनशेच्या घरात होती, आणि एवढी पदे एका रात्रीत ऐकणे त्या काळच्या श्रोत्याला जड गेले नाही, याचे कारण त्यांच्या चालींत आहे. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत हे पद्यप्रकार कीर्तनातून आणि जुन्या आख्यानकाव्यातून घरोघर पोहोचलेले होते. साकी आणि दिंडी यांची लय इतकी परिचित होती की पहिली ओळ कानी पडताच दुसरीचा डौल श्रोत्याला आधीच जाणवे. त्यांच्या जोडीला किर्लोस्करांनी लावणीच्या चाली घेतल्या, आणि धारवाडच्या बाजूच्या गुर्लहोसूर गावी जन्मलेल्या या नाटककाराच्या कानांत असलेल्या कानडी चालीही घेतल्या. प्रेक्षकाला नाटक नवे होते आणि गाणे ओळखीचे होते. नवीन गोष्ट जुन्या सुरावर आली, म्हणून ती एका रात्रीत आपली वाटली. पुढे अनेक नाटककारांनी किर्लोस्करांचे बाह्यरूप उचलले, पण हे मर्म सर्वांना सापडले नाही.

१८८२ च्या नोव्हेंबरात पुण्यातच ‘संगीत सौभद्र’चे पहिले तीन अंक झाले आणि पुढल्या वर्षी नाटक पूर्ण झाले. कृष्ण, बलराम, अर्जुन, सुभद्रा, रुक्मिणी ही पात्रे पुराणातील असली तरी त्यांचे बोलणे मराठी मध्यमवर्गीय घरातले आहे : थोरला भाऊ हट्टाने बहिणीचे लग्न भलत्या स्थळी ठरवतो, धाकटा भाऊ हसत हसत तो बेत हाणून पाडतो, आणि वहिनी-नणंदा आपसांत मनातले बोलतात. कुटुंबातील स्त्रियांनी नाटकाला जाणे मान्य होत गेले, त्यात या घरगुती वळणाचा वाटा मोठा होता.

मंडळ्यांचे फिरणे रेल्वेने शक्य केले. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये पुरा होऊन मुंबई आणि पुणे जोडली गेली होती. पुढे पुण्याहून दक्षिणेकडे मिरज, बेळगाव, हुबळी असा मार्ग झाला आणि १८९१ मध्ये कोल्हापूर मिरजेला जोडले गेले. पडदे, कपड्यांचे पेटारे, वाद्ये, स्वयंपाकाची भांडी आणि पन्नास-शंभर माणसांचे बिऱ्हाड घेऊन मंडळी एका गावी उतरे, एखादा मोठा वाडा भाड्याने घेई आणि आठवडे किंवा महिने तेथे मुक्काम करी. गावात नाटकगृह असल्यास ठीक, नसल्यास तंबू किंवा पत्र्याचा मांडव उभा राही. हस्तपत्रिका वाटल्या जात, वाद्यांच्या गजरात जाहिरातीची गाडी फिरे, आणि सुगी झालेल्या शेतकऱ्यापासून कचेरीतील कारकुनापर्यंत सर्वांना मंडळी आल्याचे कळे. आत बसण्याची व्यवस्था पैशांप्रमाणे लावलेली असे : पुढे कोच आणि खुर्च्या, मागे बाके, पिटात सर्वांत स्वस्त जागा, आणि स्त्रियांसाठी वेगळा भाग. रात्री नऊ-दहाच्या सुमारास नांदी होई, म्हणजे नाटकाच्या आरंभीचे मंगलगान गायले जाई, आणि खेळ पहाटेपर्यंत चाले. परगावाहून बैलगाडी जुंपून आलेल्यांना रात्री परत जाता येत नसल्याने पहाटेपर्यंत चालणारा खेळ ही त्यांची सोयच होती.

अशा रात्रीतला प्रेक्षकांचा मुख्य अधिकार म्हणजे वन्समोअर. हे इंग्रजी शब्द ज्यांना इंग्रजीचे अक्षरही येत नव्हते त्यांच्याही तोंडी एकच शब्द होऊन रुळले. पद संपताच सभागृहातून ही आरोळी उठे, आणि नट तेच पद पुन्हा, बहुधा वेगळ्या ताना घेऊन आणि वेगळ्या जागा दाखवून, गाई. आवडले म्हणून पुन्हा ऐकणे, एवढाच याचा अर्थ घेतला तर या प्रथेचे महत्त्व हातून सुटते. मैफलीत रसिकाची दाद मान डोलावून, ‘वाहवा’ म्हणून व्यक्त होई आणि ती गायकाच्या जवळ बसलेल्या मोजक्या जाणकारांची असे. नाटकगृहात हीच दाद देण्याचा अधिकार तिकिटाबरोबर पिटातल्या माणसालाही मिळाला, आणि ती मोजता येऊ लागली. कोणत्या पदाला किती वन्समोअर मिळाले हे मंडळीच्या व्यवस्थापकाला त्याच रात्री कळे. ज्या पदाला गावोगाव सारखा प्रतिसाद मिळे ते वाढत जाई, आणि जे सतत थंड जाई त्याचा पुढच्या दौऱ्यात संकोच होई. नाटककाराच्या वहीतली संहिता आणि दहा वर्षे फिरलेले नाटक यांत म्हणूनच अंतर पडत गेले.

या प्रथेचा एक बळी मात्र स्पष्ट होता, आणि तो म्हणजे प्रसंगाचा वेग. विरहाने व्याकूळ झालेली नायिका तेच दुःख तिसऱ्यांदा गाऊ लागली की समोर उभे असलेले दुसरे पात्र ताटकळे, आणि कथा तिथेच थांबे. परीक्षकांची याविषयीची तक्रार जुनी आहे आणि ती न्याय्यही आहे. तरीही श्रोत्याच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ध्वनिमुद्रण नव्हते त्या काळात उत्तम गाणे ऐकायला मिळणे ही दुर्मिळ घटना होती. मंडळी गावातून गेली की तो आवाज पुन्हा केव्हा कानी पडेल, पडेल तरी की नाही, याची खात्री कोणालाच नसे. या स्थितीत ‘आणखी एकदा’ म्हणणाऱ्या माणसाला रसभंगाचा दोष देताना त्याची ही भूकही समजून घ्यावी लागते.

या भुकेचा सर्वांत हृद्य पुरावा म्हणजे भाऊराव कोल्हटकर. १८६३ मध्ये बडोद्यात जन्मलेला हा तरुण १८८२ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आला, आणि त्याच्या शकुंतलेने आणि सुभद्रेने मराठी मुलूख वेडा केला. लोक त्याला लाडाने ‘भावड्या’ म्हणत. नटाला नाटकगृहाबाहेरही असे एकेरी, घरचे नाव मिळणे ही त्या काळच्या लोकप्रियतेची खरी खूण आहे. वरच्या पट्टीतला, निर्मळ आणि दूरवर पोहोचणारा त्याचा आवाज, वेगाने फिरणारी तान आणि स्त्रीवेषातील रूप यांविषयी त्याला ऐकलेल्या पिढीने आयुष्यभर सांगितले. १८८५ मध्ये अण्णासाहेबांचे निधन झाल्यावर मंडळी तगून राहिली ती मुख्यतः त्याच्या गळ्यावर. भाऊराव १९०१ मध्ये वारले, आणि ग्रामोफोन कंपनीचे भारतातील पहिले ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये झाले. एवढ्या थोड्या अंतराने हा आवाज कायमचा हरपला. लक्षावधी माणसांनी ऐकलेल्या त्या गाण्याचा आज एकही सूर उपलब्ध नाही. जे उरले आहे ते केवळ प्रेक्षकांच्या आठवणींतून, त्यांनी दिलेल्या उपमांतून आणि नव्या गायकाविषयी बोलताना त्यांनी केलेल्या तुलनांतून. संगीताच्या इतिहासात प्रेक्षकाचे म्हणणे हा दुय्यम पुरावा मानण्याची सवय आहे. भाऊरावांच्या बाबतीत मात्र तोच एकमेव पुरावा आहे.

गाण्याच्या मोहात संगीत नाटकाने समाजाकडे पाठ फिरवली, हा समज गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत शारदा’ने खोटा ठरवला. १८९९ मध्ये हे नाटक किर्लोस्कर मंडळीने प्रथम केले ते इंदुरात, म्हणजे महाराष्ट्राबाहेरच्या मराठी प्रेक्षकांपुढे. पैशांच्या लोभाने बाप आपली कोवळी मुलगी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघतो, हा विषय पुराणातला नव्हता. समोरच्या खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी काहींच्या घरात तो घडलेला होता. भाऊरावांनी यात स्त्रीभूमिका सोडून कोदंडाची पुरुषभूमिका केली. देवलांची पदे साधी, बोलण्यातून सहज उगवल्यासारखी आहेत, आणि त्यामुळे ती स्त्रियांच्या तोंडी फार लवकर बसली. ज्या गोष्टीविषयी घरात बोलण्याची मुभा नव्हती ती गोष्ट त्यांना गाण्याच्या निमित्ताने गुणगुणता येऊ लागली. बालविवाहाला आळा घालणाऱ्या १९२९ च्या कायद्याला मराठीत ‘शारदा कायदा’ म्हणतात आणि त्याचा संबंध अनेकजण या नाटकाशी जोडतात. कायद्याचे ते नाव हरबिलास सारडा या त्याच्या पुरस्कर्त्यावरून आलेले आहे, तथापि मराठी माणसाला हा घोटाळा इतका स्वाभाविक वाटावा, यातच नाटकाचा ठसा किती खोल गेला होता ते दिसते.

गावागावांची रुची वेगळी होती, आणि मंडळ्यांना तिची चांगली जाण असे. पुण्याचा प्रेक्षक शब्दांकडे आणि उच्चारांकडे लक्ष देणारा. मुंबईचा प्रेक्षक पारशी नाटकांच्या झगमगाटाला सरावलेला, म्हणून पडदे आणि पोशाख यांत उणीव न खपवणारा. मिरज-सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात गाण्याचा कान तयार असल्यामुळे तेथे रागाची शुद्धता पाहिली जाई. आणि बडोदे, इंदूर यांसारख्या संस्थानी शहरांत दरबारी गवयांना ऐकलेले लोक समोर बसलेले असत. हुबळी-धारवाडचा प्रेक्षक तर अर्धा कानडी भाषक, तरी मराठी नाटकावर इतका लुब्ध की त्याचीच खंत वाटून गदगचे शांतकवी यांनी कानडी नाटक मंडळी उभारण्याचा उद्योग केला. ज्या मराठी नाटकाचा उगम सांगलीत आलेल्या कर्नाटकी खेळांत होता, त्याने एका पिढीनंतर कर्नाटकाला नव्या नाटकासाठी उद्युक्त केले. केशवराव भोसले यांची ‘ललितकलादर्श’ ही मंडळीदेखील १९०८ च्या पहिल्या दिवशी हुबळीतच स्थापन झाली. प्रांतांच्या आजच्या सीमा ध्यानात ठेवून हा इतिहास वाचला तर तो कळत नाही.

नारायण श्रीपाद राजहंस १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले तेव्हा श्रोत्यांच्या एका पिढीचा कान भाऊरावांनी घडवलेला होता. ‘बालगंधर्व’ ही त्यांची पदवी लोकमान्य टिळकांनी दिली असे सांगितले जाते. त्यांचा आवाज भाऊरावांच्या आवाजासारखा उंच झेपावणारा नव्हता. तो मऊ, लडिवाळ आणि शब्दाला कुरवाळणारा होता. जुन्या श्रोत्यांनी तुलना केली, आणि तरुण श्रोत्यांनी ती मनावर घेतली नाही. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘संगीत मानापमान’ प्रथम झाले. गोविंदराव टेंबे यांनी त्याला ठुमरी, दादरा यांसारख्या उत्तर हिंदुस्थानी गायनप्रकारांच्या वळणाच्या चाली दिल्या होत्या. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली असताना त्यांनी भामिनीची भूमिका पार पाडली, आणि ही हकिकत पुढे त्यांच्याविषयीच्या लोकभावनेचा भाग झाली. प्रेक्षकांना ते ‘मायबाप’ म्हणत, आणि त्या शब्दामागे व्यवसायाची चतुराई नव्हती हे लोकांना त्या दिवसामुळे पटले होते.

१९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली, आणि १९१६ मध्ये तिने ‘संगीत स्वयंवर’ केले. त्याचे संगीत भास्करबुवा बखले यांचे, आणि ते ख्यालाच्या बंदिशींवर, म्हणजे रागदारी गायकीतील बांधलेल्या रचनांवर आधारलेले आहे. शाकुंतलाच्या प्रेक्षकाला साकी-दिंडी ओळखीची होती. छत्तीस वर्षांनंतर त्याच्या नातवापुढे यमन, भीमपलास, बिहाग उलगडले जात होते, आणि तोही त्यांना त्याच हक्काने वन्समोअर देत होता. ज्या गाण्यासाठी पूर्वी दरबारात किंवा श्रीमंतांच्या दिवाणखान्यात प्रवेश असावा लागे, ते गाणे काही आण्यांच्या तिकिटात खामगावच्या व्यापाऱ्याला आणि साताऱ्याच्या शिक्षकाला मिळाले. मराठी प्रदेशात पुढच्या काळात रागदारी मैफलींना जो मोठा, तिकीट काढून येणारा श्रोता लाभला, त्याचे शिक्षण या तंबूंत झाले. या शिक्षणाचे श्रेय संगीत विद्यालयांपेक्षा नाटक मंडळ्यांना अधिक दिले पाहिजे. साथीला सारंगीवर कादरबक्ष आणि काही काळ तबल्यावर अहमदजान थिरकवा असावेत, आणि तेही नाटकाच्या रोजच्या खेळात, ही चैन आज कल्पनेतही बसत नाही.

ऐकलेले गाणे घरी नेण्याची साधनेही होती. नाटकगृहाच्या दारात पदांची छोटी पुस्तके विकली जात, आणि ती घेऊन प्रेक्षक खेळ चालू असताना ओळ लावीत. हार्मोनियम घरोघर पोहोचल्यावर त्या पुस्तकावरून चाली बसवल्या जाऊ लागल्या, आणि नंतर ग्रामोफोनच्या तबकड्या आल्या. स्त्रियांनी गाण्याबरोबर आणखी काही नेले. बालगंधर्वांच्या भूमिकांतील साडीचा चाप, केसांची ठेवण, दागिन्यांची निवड यांचे अनुकरण प्रतिष्ठित घरांत होऊ लागले. पुरुषाने वठवलेली स्त्री पाहून स्त्रियांनी आपली वेषभूषा ठरवावी, याचे आज नवल वाटते; पण सार्वजनिक जागी मोकळेपणाने वावरणारी, बोलणारी, रुसणारी, गाणारी कुलवती स्त्री त्या प्रेक्षकस्त्रियांना दुसरीकडे कोठे दिसणार होती? स्त्रियांच्या वेगळ्या कक्षात बसून त्यांनी जे पाहिले ते त्यांच्यापुरते एक नवे जग होते.

या शालू-पैठण्यांच्या मोहाची परीक्षा १९१९ मध्ये झाली. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ त्या वर्षीच्या फेब्रुवारीत बडोद्यात प्रथम रंगभूमीवर आले, आणि ते पाहायला नाटककार हयात नव्हता. महिन्याभरापूर्वीच, २३ जानेवारीला, त्याचे निधन झाले होते. दारूच्या आहारी गेलेल्या सुधाकराची पत्नी सिंधू दळण दळून संसार ओढते आणि अखेर त्याच्याच हातून झालेल्या घावाने मरते. बालगंधर्वांनी सिंधूची भूमिका ठिगळे लावलेल्या लुगड्यात केली. ज्या प्रेक्षकाला ‘स्वयंवर’मधील रुक्मिणीच्या ऐश्वर्याची सवय लावली होती त्याच्यापुढे त्याच नटाने दारिद्र्य घेऊन येणे हे मोठे धाडस होते. प्रेक्षकाने ते स्वीकारले, इतकेच नव्हे तर सिंधूच्या दुःखाने नाटकगृहात हुंदके ऐकू येत, आणि सुधाकर झालेल्या बोडसांच्या भूमिकेलाही तितकीच दाद मिळे. शृंगाराच्या पदाला वन्समोअर देणारा हा श्रोता करुण प्रसंगी गप्प राहणेही जाणत होता. केवळ गाण्यासाठी येणारा, नाटकाची चाड नसलेला प्रेक्षक, हे परीक्षकांनी रंगवलेले चित्र या नाटकापुढे टिकत नाही.

प्रेक्षकांच्या निष्ठा मंडळ्यांमध्ये वाटलेल्या होत्या. गंधर्व मंडळीचे चाहते आणि ललितकलादर्शचे चाहते यांच्यात वाद होत. केशवराव भोसले यांचा आवाज भेदक, चढा आणि तडफदार, बालगंधर्वांचा मृदू, म्हणून एकाला ऐकणाऱ्याला दुसऱ्याचे गाणे उणे वाटे. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईच्या बालीवाला थिएटरात या दोघांनी एकत्र येऊन ‘मानापमान’ केले, तेव्हा केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी होते. दोन्ही पक्षांचे लोक एका छपराखाली बसले होते, आणि तिकिटांचे दर नेहमीच्या कितीतरी पट होते. कोण सरस ठरतो हे पाहायला आलेल्यांनी दोघांनाही वन्समोअर देत रात्र घालवली. त्याच वर्षीच्या ४ ऑक्टोबरला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, केशवराव वारले, आणि संयुक्त मानापमानाचे मोल ते ऐकलेल्यांच्या लेखी कायमचे वाढले. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१५ मध्ये पुरे करवलेले पॅलेस थिएटर पुढे केशवरावांच्या नावाने ओळखले गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री ते आगीत भस्मसात झाले, तेव्हा कोल्हापूरकरांना झालेले दुःख एखाद्या इमारतीच्या हानीचे नव्हते.

उतरण फार वेगाने आली, आणि तिच्या कारणांत प्रेक्षकांचे प्रेम हेही एक कारण होते. श्रोत्यांना तृप्त करण्याच्या ओढीने बालगंधर्वांनी १९२० च्या ‘द्रौपदी’साठी मयसभेचे असे वैभव उभे केले की मंडळी कर्जात रुतली, आणि गाणे जसजसे लांबत गेले तसतसे ते नाटकाला जड होत गेले. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला. दोन-अडीच तासांत, थोड्या पैशांत, जवळून दिसणारे आणि ऐकू येणारे चेहरे मिळू लागले, आणि गावोगावची नाटकगृहे चित्रपटगृहे झाली. दीनानाथ मंगेशकरांची बळवंत संगीत मंडळी, गंधर्व मंडळी आणि बापूराव पेंढारकरांची ललितकलादर्श यांचे जुन्या स्वरूपातले फिरणे १९३० च्या दशकात एकामागून एक थांबले. तोवर हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका स्वतः स्त्रीभूमिका करू लागल्या होत्या. पण या बदलाला पुरेसा काळ मिळण्याआधीच फिरत्या मंडळ्यांचे अर्थकारण मोडले.

मंडळ्या गेल्या तरी श्रोता लगेच गेला नाही. १९६० च्या ‘पंडितराज जगन्नाथ’ने आणि १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’ने त्याला पुन्हा नाटकगृहात आणले, आणि गोव्यात तर त्याने नाटक स्वतःच्याच हाती घेतले. तेथील देवळांच्या उत्सवांत गावातीलच हौशी मंडळी रात्रभर संगीत नाटके करण्याची परंपरा आहे; एकेकाळी फिरत्या मंडळीने केलेले ‘सौभद्र’ ऐकून ज्यांनी ते पाठ केले त्यांची नातवंडे-पतवंडे सुभद्रा आणि अर्जुन होऊन उभी राहतात. मांडवात बसलेल्या बहुतेकांना पुढची ओळ ठाऊक असते, पेटी सुरू होताच ती ओठांवर येते, आणि पद संपले की मागच्या रांगेतून तीच जुनी आरोळी उठते.